बांधावरची हजेरी

पनवेल
१२ जुलै २०१०

ती. भामाबायच्या पायाशी आनंदाचा नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्यांची खुशाली मात्र मला आपट्याहून येणाऱ्या भाजीवाल्याकडून कळते, हे काही बरं नाही. फोन मी किती केले ते तुला ठाऊक आहे. दरवेळी "आजी अंगणात गेली" एवढंच ऐकायला मिळतं. तीन वर्षांत एवढं अंगण कुणी झाडलं नसेल. म्हणून आता पत्र.

हेतल, हे तूच वाचून दाखवणार हे मी जाणून आहे. तुझ्या बापाला सवड नाही आणि आजीला अक्षर नाही. तेव्हा हळू वाच, पूर्णविरामावर थांब आणि मामाआजोबांच्या अक्षराला हसू नकोस. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं की अक्षर असंच ढब्बू होतं.

बाय, शोभाची तब्येत बरी आहे. दीपेशला द्रोणागिरीच्या गोदामात कायम केलं. आपल्या मिठागराच्या जागेवरून आता रस्ता गेला आहे. दीपेश रोज त्यावरूनच कामाला जातो. मी त्याला म्हटलं, इथे तुझ्या आजोबांचं मीठ पिकायचं, तर म्हणाला, "पप्पा, त्या ठिकाणी सिग्नल आहे." 

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर सापडलं आहे. प्रश्न जुना आहे, तू विसरलीही असशील.

आमच्या खालच्या मजल्यावर दाऊदभाई राहतात. त्यांची नात झेबा कॉलेजात आहे आणि इंग्रजीची कसलीशी परीक्षा देते आहे. संध्याकाळी माझ्याकडे येते. परवा शब्दांची यादी घेतली, त्यात 'अबाउंड' आला. मी नेहमीसारखा सांगत सुटलो. क्रियापद आहे, अर्थ विपुल असणं, रेलचेल असणं. वापरायच्या दोन तऱ्हा. मासे खाडीत अबाउंड करतात असंही म्हणता येतं आणि खाडी माशांनी अबाउंड करते असंही. पहिलीत पुढे 'इन' येतो, दुसरीत 'इन' किंवा 'विथ'. 'ऑफ' मात्र कधीही लावायचा नाही. आणि मग माझं ठरलेलं वाक्य. फिश अबाउंड इन द क्रीक. पनवेल तालुक्यात निदान तीन हजार पोरांनी हे वाक्य माझ्यामुळे पाठ केलं असेल.

झेबाने लिहून घेतलं आणि म्हणाली, "सर, मतलब समजला. पण हा लफ्ज आला कुठून?"

बाय, चौतीस वर्षांत एकाही पोराने मला हे विचारलं नाही. विचारलं होतं फक्त तू.

आठवतं? मी अकरावीत होतो, तेव्हाचं एस.एस.सी.चं वर्ष. पहाटे तू चूल पेटवायचीस आणि मला उठवून पुस्तक माझ्यापुढे टाकायचीस. तुला एक अक्षर येत नव्हतं, पण यादीतला हा एक शब्द तू बरोबर ओळखायचीस. म्हणायचीस, "ह्यो बघ, दोन पोटांचा. एकाचं पोट फुडं, एकाचं मागं." बी आणि डी ही दोन अक्षरं तुला पोटुशी बायांसारखी दिसायची. बोट ठेवून विचारायचीस, "ह्याचा अर्थ?" मी सांगायचो, भरपूर असणं. "मंग ह्यो शबुद आपल्या घरी यायचा नाय," असं म्हणून तू हसायचीस. एके दिवशी विचारलंस, "ह्यो आला कुठशी?" मी म्हटलं, इंग्रजांकडून. "आनि इंग्रजांनी कुठशी आनला?" मी चिडलो. परीक्षेत ते विचारत नाहीत, म्हटलं.

तर आता ऐक. झेबाने तिच्या कॉम्प्युटरवर शोधलं आणि मी माझ्या जाड कोशात पडताळून पाहिलं. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि फ्रेंचांकडे तो लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'उंदा' म्हणजे लाट. 'अब' म्हणजे पासून, दूर. दोन्ही मिळून 'अबुंदारे', म्हणजे पाणी काठावरून उसळून बाहेर जाणं. भांड्यात मावेनासं झालं, काठावरून लाट गेली, म्हणजे भरपूर झालं. शिवाय त्या 'उंदा'चं आपल्या उदकाशी नातं आहे म्हणतात. म्हणजे तुझा दोन पोटांचा पाहुणा लांबून का होईना, आपल्या नात्यातलाच निघाला.

मला फार आनंद झाला. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

बाकी विशेष काही नाही. गावात बांधकमिटीची स्मरणिका निघते आहे. आता बांध राहिला नाही, खाडी भरून टाकली, तेव्हा निदान आठवण तरी छापू, असं विनायक भोईरचं म्हणणं आहे. आपल्या रामू मुकादमाचा मुलगा तो. नारळी पौर्णिमेला देवळापुढे प्रकाशन आहे. माझ्याकडून एक पान मागितलंय, मथळाही त्यानेच दिला, 'चिखलातून फळ्याकडे'. अर्धं लिहून पडलंय. पुढे सरकत नाही. वयाचा परिणाम असेल.

त्या दिवशी तू या. म्हणजे ये. बघ, तुला लिहितानाही माझा हात शाळेतलाच चालतो. माझ्या सत्काराला तू जेवायला न थांबता गेलीस ते मी मनात ठेवलेलं नाही. उन्हाचा त्रास झाला असेल, शेवटची एस.टी. चुकली असती. लोक काय, काहीही बोलतात. आपल्याकडे भावाबहिणीचं बोलणं बंद झालं की लोक आधी सातबारा विचारतात. मीही त्यांना तसंच समजू देतो. कोण सांगत बसणार?

पौर्णिमेला राखीही आहे. ये.

तुझा धाकटा,
आनंदा


आपटा
२१ जुलै २०१०

ती. मामाआजोबांना हेतलचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मी आजीला दोनदा वाचून दाखवलं. हळू वाचलं आणि अक्षराला हसले नाही (थोडंसं हसले).

पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजी बोंबील साफ करत होती. दोन पोटांच्या शब्दाशी आले तेव्हा हात थांबले होते. दुसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाली, कागद घे. ती बोलली तसंच लिहिते, तुम्ही शुद्धलेखनाचे गुण कापू नका.

"आनंदाला लिव, शबुद समजला. पन काठावरशी लाट गेली म्हंजे भरपूर, असं ज्यानं लिवलं तो कदी बांधावर उबा राहिला नसंल. आमी राहिलो हाव. काठावरशी लाट गेली का घरात काय रहात नाय. मीठ जातं, भात जातं, धा वर्सं जमीन खारी होते. आनि लिव, मला ऊन लागलं नवतं. एस.टी. पन होती. त्याला इचार, त्या दिशी बांधावर कोन होता?"

मी विचारलं, आजी, कुठल्या दिवशी? तर म्हणाली, "त्याला म्हाईत हाय. तू नको इचारू."

मामाआजोबा, मला खरंच माहीत नाही हे काय आहे. पण आजी त्या दिवसापासून तुमचं पत्र उशीखाली ठेवते. वाचता येत नाही तरी.

तुमची,
हेतल


पनवेल
३० जुलै २०१०

बाय,

हेतलचं पत्र आलं त्याला आठवडा झाला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर पाच शब्दांचं आहे आणि ते लिहायला मला आठ दिवस लागले. आधी वाटलं, पोरीच्या तोंडून हे वाचलं जाणार, तिला काय वाटेल? मग लक्षात आलं की पोरीच्या आड मी लपतो आहे. तेव्हा हेतल, तूच वाच. मोठ्याने वाच.

त्या दिवशी बांधावर भामा होती.

हेतल, तुला समजावं म्हणून नीट सांगतो. तुमच्या पिढीने बांध पाहिला नाही. आमच्या गावाच्या तीन बाजूंना खाडी. भरतीचं पाणी शेतात आणि मिठागरात शिरू नये म्हणून गावाने मातीचा बांध घातलेला. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, त्याला आतून पोखरायच्या आणि एखाद्या उधाणाला त्यात खांड पडायची, म्हणजे भगदाड. खांड पडली की दवंडी. घरटी एक माणूस बांधावर, पुढची भरती चढायच्या आत. रामू मुकादम वही घेऊन उभा राहायचा. ज्या घराची हजेरी नाही, त्या घराला पुढच्या हंगामात मिठागर नाही. आणि हजेरी पुरुषाची. बायका मातीच्या पाट्या वाहायच्या, कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहायच्या, पण वहीत बाईचं नाव लिहायची रीत नव्हती.

सन एकोणीसशे सहासष्ट. होळी होऊन तिसरा दिवस. सकाळी सातला दवंडी आली. आमचा बाप, गणू घरत, पायाला जखम होऊन महिनाभर खाटेवर. घरात दुसरा पुरुष मीच. आणि अकरा वाजता पनवेलला माझा इंग्रजीचा पेपर.

बाय, मी काय बोललो ते मला आठवतं. काहीच बोललो नाही. सदरा हातात धरून उंबऱ्यात उभा राहिलो आणि तुझ्याकडे बघत बसलो. तू काय करशील हे मला ठाऊक होतं म्हणूनच बघत बसलो. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "भरती परत येल, पेपर येनार नाय. तू जा. मी रामूदादाला तुजं नाव सांगते."

मी गेलो. बांधावरून वाट सरळ होती, पण मी देवळामागून वळसा घालून गेलो. बांधावरच्या माणसांनी मला पांढऱ्या सदऱ्यात पाहू नये म्हणून. हे तुला आजवर माहीत नव्हतं. आता आहे.

पेपरात तो शब्द आला होता. वाक्यात उपयोग करा. दोन गुण. मी लिहिलं, खाडीत मासे भरपूर आहेत. आणि मी ते लिहीत होतो त्याच वेळी तू त्या खाडीत छातीइतक्या पाण्यात, खांडीत ठोकायचा खुंट धरून उभी होतीस. खुंटावर मारलेली मोगरी, तो लाकडी हातोडा, बसली ती तुझ्या हातावर. दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. उरणचं स्थळ त्या हातामुळे मोडलं, आणि वर्षाने तुला आपट्याला दिली, तुझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या बिजवराला. तू कधी एक शब्द काढला नाहीस. मी पास झालो तेव्हा त्याच हाताने गूळ वाटलास.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तू हाताला फडकं बांधून बसली होतीस. विचारलंस, "दोन पोटांचा आला का?" मी म्हटलं, आला. तू एवढी खूश झालीस की मी हाताचं विचारायचंच विसरलो.

आता सत्काराचं. दोन हजार सात, निवृत्तीचा समारंभ, अख्खं गाव जमलेलं. तू तिसऱ्या रांगेत. विनायकने बापाच्या जुन्या वह्या धुंडाळून ती वही आणली आणि माइकवरून वाचलं, 'गणू घरत यांचे घर, आनंदा, हजर.' तारीख वाचली. म्हणाला, "मंडळी, हाच सरांच्या इंग्रजीच्या पेपराचा दिवस! बांध बांधून पोरगा पेपराला गेला!" टाळ्या काही थांबेनात.

तेव्हा मी उठून एवढंच म्हणायचं होतं की विनायक, तो मी नव्हतो, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी उठलो. माइक हातात घेतला. आणि म्हणालो, "पायाला चिखल तसाच होता. परीक्षेच्या वर्गात माझी पावलं उमटली होती."

कुणी सांगितलं होतं मला ते बोलायला? गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण टाळ्या गोड लागल्या, बाय. खोटं नुसतं ऐकून घेऊन पोट भरलं नाही, वरून मीठही मीच घातलं.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू डावा हात पदराखाली घेतलास. जणू लपवायचं तुलाच होतं. नंतर खाली आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि तुला द्यायला आणलेली साडी खुर्चीवर घडीसकट. लोक सांगत होते, उन्हाने त्यांना बरं वाटेना. मी ते लगेच उचललं. तीन वर्षं तेच पुरवून पुरवून वापरलं.

चौतीस वर्षं मी वर्गात हजेरी घेतली. दुसऱ्याच्या नावाने 'प्रेझेंट सर' म्हणणाऱ्या एका पोराला मी दिवसभर बाकावर उभं केलं होतं. त्याचं नाव अजून लक्षात आहे. आपलं तेवढं विसरलो होतो.

गेल्या रविवारी शोभाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तीन वर्षं मला जमिनीचं सांगत होतात." मग उरलेली भाजी निवडून संपवली. उठताना म्हणाली, "त्यांचा हात मी लग्नापासून बघतेय. मला सांगितलं होतं, विळ्याने कापला." बाय, तेही मीच सांगितलं होतं.

मंगळवारी गावात जाऊन विनायकला भेटलो. म्हटलं, माझं पान बदलायचं आहे. ऐकल्यावर तो डोकं धरून बसला. "सर, तुमी आता ह्ये कशाला उकरता? त्या दिशी लोकांच्या डोल्यात पानी आलं होतं."

"म्हणून तर," मी म्हटलं.

"मंग माज्या बापानं खोटी हजेरी लावली, असं छापू?"

मी म्हटलं, तुझ्या बापाने खोटं काही केलं नाही. त्याने समोर भामाला बघितलं आणि आमचं घर वाचवलं. वहीत बाईला जागा असती तर त्याने तिचंच नाव लिहिलं असतं. खोटं मी केलं, तेही माइकवरून.

त्याने आतून वही आणली. पान पिवळं पडलंय, जांभळ्या पेन्सिलीचं अक्षर अजून दिसतं. विनायक म्हणाला, "खोडून ताईंचं नाव लिवू का?" मी नको म्हटलं. ती वही जशी आहे तशी राहू दे. माझ्या पानावर मात्र सगळं लिहिलं आहे, तुझा खुंट, मोगरी, माझी देवळामागची वाट. मथळा काढून टाकला. नारळी पौर्णिमेला देवळापुढे ते पान मीच वाचणार आहे, माइकवरून, कारण खोटंही माइकवरूनच बोललो होतो. तू आलीस तर वाचीन, आणि नाही आलीस तरी वाचीन. मागच्या पत्रात ये म्हटलं होतं ते माझ्या सोयीसाठी होतं. आता म्हणत नाही. तुझं मन होईल तसं कर. साडी कपाटात आहे, तिची घडी मोडलेली नाही.

आणि तुझ्या शब्दाचं. तू सांगितलंस ते माझ्या कोशात नाही. मी झेबाला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "सर, आजींचं म्हणणं वहीत लिहून घेते." तिने लिहून घेतलं. मी मात्र एवढी वर्षं माझ्या घरातलं सगळं भरपूर माझ्या हुशारीने आलं असं समजत होतो. नोकरी, हे घर, दीपेशचं शिक्षण, लोकांचे नमस्कार. बाय, माझ्या घरात हे टिकलं कारण आमच्या घरावर लाट आली नाही. आणि ती आली नाही कारण खांडीत तू उभी होतीस. मला तुझ्यापुढे फार लाज वाटते आणि तुझी फार आठवण येते. दोन्ही एकदम.

हेतल, आजीचा हात पाहा. डावा. आणि हे पत्रही तिला उशीखाली ठेवायचं असेल तर ठेवू दे.

बाय, शाळेत पत्रलेखन शिकवताना मी सांगायचो की शेवटी आपलं नाव लिहावं आणि त्याखाली आपण कोण ते लिहावं. तसंच लिहितो.

आनंदा गणू घरत
त्या दिवशी गैरहजर